न उघडलेल्या टिपा

स्फाक्स, ३ फेब्रुवारी

मेहरेझ,

तुझ्या आईचा सलाम. अक्षर ओळखून पाकीट बाजूला टाकणार असशील, तर त्याआधी एवढं एक पान वाच.

दोन वर्षांपूर्वी तू फार्मसीवाल्या सल्वाच्या हाती माझ्यासाठी ई-बुक रीडर पाठवलास. तो मिळाला होता. मी पोच दिली नाही. आज देते. आभारी आहे.

मी त्याला पाटी म्हणते. छान चालते. अक्षरं हरभऱ्याएवढी करता येतात. साखरेने माझा डावा डोळा नेला, आता त्याला फक्त उजेड कळतो. उजव्याला छापील पुस्तक म्हणजे मुंग्यांची रांग. पाटी नसती तर माझं वाचन संपलंच होतं. नोटरीच्या कचेरीत तीस वर्षं टायपिंग केलेल्या बाईला अक्षरं दिसू नयेत, याहून मोठी शिक्षा नाही.

खरं सांगायचं तर पहिले दहा महिने ती कपाटात चादरींखाली होती. तू सोबत चिठ्ठी ठेवली होतीस, तीन ओळींची. ‘अक्षरं मोठी करता येतात. चार आकड्यांचा पासवर्ड तू ठरव. त्याच्याशिवाय आत कुणालाही डोकावता येणार नाही.’ ती तिसरी ओळ मला झोंबली. वाटलं, पोराने टोमणा मारलाय. का वाटलं ते तुला ठाऊक आहे, मी इथे लिहीत नाही.

आता एक विचारायचं होतं. माझ्यासाठी नाही. झोहरा म्हणून माझी एक मैत्रीण आहे, तिच्याकडेही अशीच पाटी आहे. समज, ती दुसऱ्याच्या हाती पडली. चार आकडे म्हणजे सगळे मिळून दहाच हजार. कुणी रिकामटेकडा बसून सगळे लावून पाहू शकतो का? पुस्तकांचं काही नाही, पण पुस्तकातल्या ओळीखाली माणूस स्वतःचं काही लिहितो, टिपा म्हणतात त्याला, त्या त्याला दिसतील का?

उत्तर लवकर दे. झोहराला घाई आहे.

नझीहा


स्फाक्स, २१ फेब्रुवारी

मेहरेझ,

सहा वर्षांनी तुझं पत्र आलं, आणि पहिलीच ओळ काय, तर ‘आई, पाटी चोरीला गेली ना?’ आईला सलाम नाही, काही नाही. पण तू माझा मुलगा आहेस हे त्यावरून कळलं.

हो, गेली. झोहराकडे पाटीबिटी काही नाही. तिला टीव्हीचा रिमोटही धड धरता येत नाही.

आणि एक लपवलं होतं. माझी मूत्रपिंडं गेली आहेत. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी सात ते अकरा मी डायलिसिसला असते. घाबरू नकोस, सल्वालाही आरडाओरडा करून विचारू नकोस, तिला मीच गप्प बसवलं होतं. दीड वर्ष झालं. खजूर बंद, मीठ बंद, पाणी चहाच्या पेल्याने मोजून. बाकी मी तशीच आहे, जिभेसकट.

पाटी चादरींखालून बाहेर निघाली ती त्यासाठीच. चार तास हात बांधून बसायचं म्हणजे वेड लागतं. एक दिवस शेजारच्या खुर्चीवरची झोहरा म्हणाली, “नझीहा, एकटीच काय चाखत बसलीस? आम्हालाही एक घास दे.” म्हणून मोठ्याने वाचायला लागले. बेटावरच्या दोन भावांची कादंबरी होती, नावेवरून भांडणाऱ्या. हळूहळू सहाही खुर्च्या ऐकायला लागल्या. नर्स सुई लावताना म्हणायची, “थांबा खालती, मला त्या धाकट्याचं ऐकू दे.” खालती खालती म्हणत सगळ्या वॉर्डाने मला मावशीच करून टाकलं.

मी पासवर्ड टाकताना हाताने पडदा झाकायची. झोहरा चिडवायची, “काय गं, त्यात मध्यवर्ती बँक आहे का?” मी म्हणायची, “त्याहून मोठं आहे.” तिला चेष्टा वाटायची.

सत्तावीस जानेवारीला सोमवारी यंत्र सुटल्यावर मला चक्कर आली. नर्सने वजनाला नेलं. पिशवी खुर्चीवर राहिली. परत आले तर पिशवी होती, पाटी नव्हती. त्यानंतर वॉर्डात जे झालं ते लिहिण्यासारखं नाही.

तू लिहिलेलं सगळं नीट वाचून घेतलं. सल्वाने वाचून दाखवलं, पण ‘चोरीला गेली ना’ एवढी ओळ मी भिंगाने स्वतः वाचली. दहा हजार आकडे कुणी लावत बसू शकत नाही, काही चुकले की पाटीच अडते, हे कळलं. आत जायचं तर सगळं पुसावं लागतं, आणि पुसूनही ती मालकाचं खातं मागते, हेही कळलं. त्या खात्यावर तू ती चोरीची म्हणून नोंदवलीस, म्हणजे आता कुणालाही ती आपल्या नावावर करता येणार नाही. आभारी आहे. या महिन्यात दुसऱ्यांदा.

दूर बसून पुसता येतं म्हणतोस. पाटी नेटला लागली की सगळं जाईल, पुसू का, असं विचारतोस. पूस. आजच पूस.

मी त्या ओळींखाली काय काय लिहिलंय तुला सांगू शकत नाही. घरी कुणाशी बोलणार? सुई टोचली की जे मनात यायचं ते एका बोटाने टाइप करायची. आता बाब दिवानच्या वेशीपाशी दोन माणसं हसताना दिसली तरी वाटतं, माझंच वाचून हसतायत. अंगावर कपडे नसल्यासारखं वाटतं, मेहरेझ. मला तुझा तो खण आठवतो. पुढे लिहवत नाही.

फोन कर म्हणतोस. नको. आवाज ऐकला की मी भांडेन. कागदावर मी बरी वागते.

तुझी आई


स्फाक्स, १२ मार्च

मेहरेझ,

तुझं पत्र काल दुपारी आलं. सल्वाने वाचलं आणि ती निघून गेली. मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले, ती असरची, दिवस कलतानाची अजान होईपर्यंत उठले नाही. मग भिंग घेऊन ते पुन्हा स्वतः वाचलं. तुझे शब्द इथे परत उतरवते, म्हणजे मला ते खरे वाटतील.

‘पुसण्याआधी एक सांगायला हवं. पाटी माझ्या खात्यावर घेतलेली आहे. तू तिच्यात जे लिहितेस त्याची नक्कल आपोआप माझ्याकडे जमा होते. दोनशे चौदा टिपा आहेत. आकडा बाहेरूनच दिसतो. पहिली आली तेव्हा कळलं की तू पाटी वापरायला लागलीस. त्या संध्याकाळी मी बस न धरता पायी घरी गेलो. नंतर आकडा वाढला की समजायचं, आई बरी आहे. उघडली एकही नाही. त्या तुझ्या आहेत. हव्या तर छापून पाठवतो, नको तर पुसतो. तू सांग.’

सव्वा वर्ष माझं काळीज तुझ्या हाताशी पडून होतं आणि तू त्याला बोट लावलं नाहीस.

आणि मी काय केलं?

तुझ्या खणाला कुलूप होतं. मी ते तुझ्या वडिलांच्या स्क्रू-ड्रायव्हरने उचकटलं. आत एमनाची सत्तावीस पत्रं होती, निळ्या लोकरीने बांधलेली. घटस्फोट झालेली, पदरी मुलगी असलेली बाई माझ्या एकुलत्या एक मुलाला लिहिते, एवढंच मला दिसत होतं. हेदीमामाला बोलावलं, मामीला बोलावलं, बैठकीत बसवून चहा दिला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. आवाज काढून वाचत होते. चौथ्या पत्रापर्यंत मला कळलंही नाही की तू दारात उभा आहेस. तू ओरडला असतास तर बरं झालं असतं. तू खाली वाकून पत्रं गोळा केलीस, लोकर शोधलीस, आणि गेलास, तो थेट तिच्यासोबत समुद्रापलीकडे.

सहा वर्षं मी सगळ्यांना सांगत आले, आईपासून मुलाने काय लपवायचं असतं? लपवायचं नव्हतंच. ते तुझं होतं, इतकंच. हे कळायला मला चोर लागला. माफ कर असं लिहायला मला लाज वाटते, कारण शब्द फार छोटा आहे. पण दुसरा नाही. माफ कर.

आणखी एक आहे. गेल्या पत्रात ‘लिहिण्यासारखं नाही’ म्हटलं, ते.

पाटी गेल्याचं दिसलं तेव्हा समोर मबरूका फरशी पुसत होती. आमच्या वॉर्डात झाडलोट करते, चाळिशीची बाई आहे. मी ओरडले, “मबरूका, पिशवी दाखव.”

ती म्हणाली, “खालती नझीहा, मी तुमच्या खुर्चीकडे फिरकलेही नाही.”

“मग दाखवायला काय जातंय?”

“माझी पिशवी आहे, खालती.”

हेच म्हणाली. माझी पिशवी आहे. मी ती तिच्या हातून ओढली आणि जमिनीवर उलटी केली. अर्धा पाव, डब्यात ऑलिव्ह, जुना स्वेटर, आणि एक मोठं पिवळं पाकीट. झोहराने पाकिटावरचं मोठ्याने वाचलं. छातीच्या तपासणीचं होतं, मबरूकाच्या नावाचं. गाठ आहे म्हणून पुढच्या तपासण्या करायच्या होत्या. तिने तोवर नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. दोन मिनिटांत सगळ्या वॉर्डाला कळलं, आणि तिने गुडघ्यांवर बसून आपलं सामान गोळा केलं. मी पाहत उभी राहिले.

दीड महिना मी तिच्याकडे मान वर करून पाहिलं नाही. पाटी नसल्यामुळे वॉर्डात सगळे गप्प, आणि त्या गप्पपणात तिची बादली सरकल्याचा आवाज तेवढा यायचा.

तुझं पत्र पदरात घेऊन आज सकाळी तिच्याकडे गेले. म्हटलं, “मबरूका, मी चुकले. माफ कर.”

ती म्हणाली, “माफी राहू दे, खालती. त्या दिवशी जे सांडलं ते मीच उचललं.” मग तिने आपली पिशवी आणली, एकेक वस्तू खुर्चीवर मांडली आणि म्हणाली, “आता तुम्ही भरा.”

सगळे बघत होते. मी भरली. पाव, डबा, स्वेटर घडी घालून, पाकीट सगळ्यात शेवटी, छापील बाजू आत करून. तिने पिशवी हातात घेऊन वजन केल्यासारखं केलं. म्हणाली, “बरं. चहा घेता? अर्धाच देईन, तुमचं पाणी मोजलेलं आहे.”

तिची पुढची तपासणी गुरुवारी आहे. एकटी जाणार होती. मी सोबत जाते आहे. तिने नाही म्हटलेलं नाही.

टिपा पुसू नकोस. अजून उघडूही नकोस. मला विचार करू दे.

आई


स्फाक्स, २९ मार्च

मेहरेझ,

आधी चांगली बातमी, मग त्याहून चांगली. मबरूकाची गाठ साधी निघाली. डॉक्टरीणबाईंनी तीनदा सांगितलं तरी तिला पटेना. शेवटी मीच म्हटलं, “अगं, साधी म्हणजे साधी, आता काय लिहून घेतेस?” तेव्हा हसली. परत येताना तिने मला हाताला धरून रस्ता ओलांडायला मदत केली. माझ्या डाव्या बाजूने गाडी आलेली मला दिसत नाही, हे तिला न सांगता कळलं होतं.

दुसरी बातमी तुला माझ्या आधी कळलेली आहे, कारण तो माणूस आधी तुझ्याशीच बोलला. पण इथे काय झालं ते तू पाहिलं नाहीस.

बुधवारी नऊच्या सुमाराला हेल्मेट काखेत धरून एक जाडजूड माणूस वॉर्डात शिरला. “इथे नझीहा त्रिकी कोण?”

झोहरा म्हणाली, “तू आधी सांग, पोलिस की नवरदेव?”

“दोन्ही नाही, खालती. मी लसाद. बाब जेबलीला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे.” आणि त्याने जाकिटातून पाटी काढली. एक कोपरा फुटलाय, बाकी धडधाकट.

कुणीतरी जुन्या फोनांच्या पिशवीत घालून त्याला विकली होती. विकणाऱ्याचं नाव-गाव माहीत नाही म्हणाला. “उघडायला बसलो. आकडा चुकला. पुन्हा चुकला. मग ही मलाच म्हणते, थोडा वेळ थांबा! माझ्या दुकानात मला थांबवते! म्हटलं पुसून विकावी, तर पुढे मालकाचं खातं आडवं, आणि तिथे चोरीची नोंद. कुलूपही आहे आणि नोंदही आहे म्हटल्यावर अशा पाटीचा एकच उपयोग, वर चहाची किटली ठेवायची.”

“मग ठेवायचीस की,” झोहरा.

“ठेवणारच होतो. तेवढ्यात चष्मा लावला आणि कुलपाच्या पडद्यावर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं दिसलं.” त्याने ते वाचून दाखवलं. “‘ही माझ्या आईची आहे. तिला बारीक अक्षर दिसत नाही, हिच्याशिवाय ती वाचू शकत नाही. सापडल्यास कृपा करून या नंबरवर कळवा.’”

मला माहीतच नव्हतं तिथे काही लिहिलंय. मला वाटायचं, खाली एक काळी रेघ आहे. सव्वा वर्ष रोज मी त्या रेघेवर बोट ठेवून पाटी उघडत होते.

माझ्या डोळ्यांचं तुला सल्वाने सांगितलं असणार. पण ‘माझ्या आईची’ असं तू लिहिलंस, तेव्हा मी शेजाऱ्यांपुढे तुझं नावही घेत नव्हते. सगळ्या खुर्च्यांवरच्या माना माझ्याकडे वळल्या. मबरूका फडकं हातात घेऊन उभी होती.

झोहरालाच ते सोसवेना. म्हणाली, “स्फाक्सचा दुकानदार आणि फुकटात परत करतो? अशक्य. तू कुठला रे?”

“मूळचा केरकेना बेटांवरचा.”

“तरीच! बेटावरची माणसं भोळीच.”

मी आकडा टाकला. (तो तुलाही सांगणार नाही.) पाटी उघडली, जिथे थांबले होते त्याच पानावर. धाकटा भाऊ नाव घेऊन निघालाय आणि वारा फिरलाय. लसाद म्हणाला, “मग बुडतो का तो?” सगळ्या खुर्च्या एकदम ओरडल्या, “सांगू नका!” त्याला स्टूल दिलं. दुकान उघडायचं सोडून तो अकरा वाजेपर्यंत बसला. शुक्रवारी पुन्हा आला.

तुझे आभार किती मानू? पाटीचे मान्य कर, कुलपाचे मान्य कर, त्या बारीक ओळीचे कर. पण खरे आभार त्या दोनशे चौदांचे आहेत. माझी एवढीशी चीज तुझ्या मुठीत होती आणि तू मूठ उघडून पाहिली नाहीस. असा मुलगा मी वाढवला म्हणायला मला धीर होत नाही. तू स्वतःच असा झालास.

वेगळं खातं काढून देतो म्हणालास. नको. त्याच खात्यात राहू दे. आणि टिपा वाच. माझी परवानगी आहे, खाली सही करते. पहिल्यापासून वाच. काही ठिकाणी मी तुला शिव्या दिल्या आहेत, त्याही वाच. एकही ओळ गाळू नकोस.

पुढचं पाकीट तुझ्याच पत्त्यावर येईल, पण त्यावर एमनाचं नाव असेल. ते तू उघडू नकोस.

नझीहा त्रिकी, तुझी आई


स्फाक्स, १२ एप्रिल

एमना,

मला तू ओळखत नाहीस. मी तुला ओळखते, तुझ्या पत्रांवरून, जी मला लिहिलेली नव्हती. त्यातली चार मी माझ्या भावाला आणि भावजयीला मोठ्याने वाचून दाखवली. तू काय सोसलंस ते मला माहीत नाही, आणि विचारण्याचा हक्कही नाही. मी चुकले. मेहरेझला हे लिहिलं आहे, पण ती पत्रं त्याची जेवढी, तेवढीच तुझी होती, म्हणून तुला वेगळं लिहिते. उत्तर दिलं नाहीस तरी मी समजेन.

एक गोष्ट मेहरेझलाही माहीत नाही. त्याने मला वाचताना ऐकलं, पण मी काय वाचलं नाही ते त्याला कळलं नाही.

तिसऱ्या पत्रात, दुसऱ्या पानावर तू लिहिलं होतंस, ‘तू कामावर असतोस तेव्हा तुझी आई शुक्रवारचं कुसकुस एकटीच खाते असं म्हणालास, ते डोक्यातून जात नाही. लग्नानंतर मी त्यांना विचारेन. त्यांना चालणार असेल तर मी आणि मलेक दर शुक्रवारी त्यांच्याकडे जेवायला जाऊ.’

ही ओळ मी मनात वाचली आणि पुढच्या ओळीवर उडी मारली. भावजयीने ती ऐकली असती तर तिने विचारलं असतं, “अगं, मग हिच्यात वाईट काय आहे?” तिथेच थांबायला हवं होतं. मी चौथं पत्र उघडलं.

त्यानंतरचे सगळे शुक्रवार मी एकटीच जेवले. ती ओळ मला पाठ आहे.

तू मला विचारणार होतीस. तुला संधी मिळाली नाही, म्हणून मी विचारते. उन्हाळ्यात जहाजं सुरू होतात. शुक्रवारी मी अकराला सुटते, कुसकुसात घालायची मासळी मबरूका आणून देईल. तुझी मलेक आता बारा-तेरा वर्षांची असेल, तिला काय आवडतं ते मला माहीत नाही, तेवढं कळव.

तू, मलेक आणि मेहरेझ जेवायला याल का? मला मीठ चालत नाही. माझी वाटी आधी बाजूला काढून ठेवू, मग पातेल्यात मीठ तू तुझ्या हाताने घाल.

नझीहा